खर्जाची ओढ

काही आवाज कानाआधी अंगाला कळतात. रात्री लांबवरून जाणारी मालगाडी, दोन गल्ल्या पलीकडचा ढोल, आषाढातल्या ढगांची हालचाल. आधी छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी हलतं, मग कान जागे होतात, आणि मन सगळ्यांच्या मागून येऊन त्या आवाजाला नाव देतं. नवी बास गिटार मांडीवर घेऊन तिची सगळ्यांत जाड तार पहिल्यांदा छेडली तेव्हा असंच झालं. अँप्लिफायर अजून खोक्यातच होता. लाकूड बरगड्यांना टेकलेलं होतं, आणि अंगठ्याखालून तार सुटली तसा तिचा कंप लाकडातून बरगडीत आणि बरगडीतून पाठीच्या कण्यात उतरत गेला. कानाला जेमतेम पुटपुट ऐकू आली. अंगाला सगळं ऐकू आलं.

आणि तो कंप ओळखीचा निघाला.

मिरजेच्या घरात माडीवरच्या खोलीत आत्याचा तानपुरा असायचा, जुन्या नऊवारीच्या खोळीत. संध्याकाळी खोळ उतरायची, आत्या सतरंजीवर मांडी घालून बसायची, आणि मी त्या मोठ्या भोपळ्याला कान लावायला धावायचे. ती म्हणायची, ‘कान नको गं लावूस, पाठ लाव. पाठीला सूर समजला की गळ्याला वेगळा सांगावा लागत नाही.’ मग मी भोपळ्याला पाठ टेकून बसायचे. पहिली तार यायची, मग जोडीच्या दोन, आणि शेवटी ती चौथी, पितळेची, खर्जाची. पहिल्या तिन्ही तारा हवेत गेल्यासारख्या वाटायच्या. चौथी मात्र आत यायची. परकराच्या नेफ्यापासून मानेपर्यंत ती चढत यायची आणि मला उगाचच सुरक्षित वाटायचं. घरात काय चाललं होतं, कोण कोणाशी बोलत नव्हतं, हे सगळं त्या तारेच्या वर कुठेतरी राहायचं. खाली ती होती. खाली ती आहे तोवर काही पडणार नाही, असं मुलांना वाटतं तसं मला वाटायचं.

तानपुरा बोलेनासा झाला की आत्या तो सतारमेकर गल्लीत न्यायची आणि मी मागोमाग जायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ज्या शिकलगार घराण्याने तलवारींना धार लावायचं सोडून तारांना आवाज द्यायला घेतलं, त्यांच्या वंशजांची ती गल्ली. दारादारात पंढरपूरकडून आलेले भोपळे सुकत पडलेले, लाकडाच्या भुशाचा आणि लाखेचा वास, आणि प्रत्येक घरातून एखादी तार कुणीतरी पुन्हा पुन्हा छेडत असल्याचा आवाज. आमचे मिस्त्री म्हातारे होते. घोडीवर कानस अशी फिरवायचे की हात हलल्याचं दिसूही नये. मग तार छेडायचे, डोळे मिटून ऐकायचे, मान हलवायचे. ‘थोडं थांबा ताई. अजून उघडंना ती.’ पुन्हा कानस. पुन्हा तार. तारेखालचा सुताचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे. आणि मग एका क्षणी, कशाने ते कधीच कळलं नाही, तारेतून स्वरांचं मोहोळच उठायचं. ते काही न बोलता तानपुरा आत्याकडे सरकवायचे. जवारी उघडलेली असायची.

आज माझ्या जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून त्यावर ही गिटार आडवी ठेवते तेव्हा ती गल्ली मला पुन्हा भेटते. हत्यारं निराळी. दोन-तीन ॲलन की, एक बारीक स्क्रूड्रायव्हर, पोलादी पट्टी, मऊ फडकं. फ्रेटबोर्डला तेल लावायला सुरुवात केली की लाकूड हळूहळू गडद होत जातं, त्याच्या रेषा वर येतात. कागदावर त्या लाकडाचं नाव इंडियन लॉरेल असं छापलंय, म्हणजे आपला ऐन. सह्याद्रीच्या उतारावर मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची साल घेऊन उभा असतो, तोच. जुन्या घरांच्या तुळयांना असायचा, टसरच्या अळ्या त्याच्या पानांवर पोसतात, आणि आता तो जगभरच्या गिटारींवर बोटांखाली येतो. फडकं फिरवताना मला त्या झाडाची फार माया वाटते. आपल्याच डोंगरातलं कुणीतरी लांबचा प्रवास करून, नवं रूप घेऊन घरी आलंय.

चार तारा गिटारच्या दांडीला सतत ओढत असतात. चौघींची मिळून ७०-८० किलोंची ओढ. ती सोसायला दांडीच्या पोटात पोलादाची एक सळई असते, ट्रस रॉड, बाहेरून न दिसणारी. तारा पुढे ओढतात, ती मागे धरून ठेवते, आणि या दोघांच्या समजुतीत दांडीचा आकार ठरतो. दांडी अगदी सरळही चालत नाही. तिला किंचित बाक लागतो, कारण जाड तार छेडली की मधोमध रुंद झोका घेते आणि त्या झोक्याला जागा हवी असते. तार पहिल्या पडद्यावर एका हाताने दाबायची, दांडी धडाला मिळते तिथे दुसऱ्या हाताने, आणि वाकून पाहायचं: सातव्या-आठव्या पडद्यापाशी तारेखाली उजेडाची बारीक रेघ दिसते का? व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी? नसेल तर चावी पाव फेरा फिरवायची आणि वाद्य भिंतीशी उभं करून ठेवून द्यायचं. लाकडाला घाई नसते. रात्रभरात ते आपल्या मनाने सावरतं, आणि सकाळी चहा ठेवण्याआधी मी पहिल्यांदा त्या रेघेकडे पाहते.

मग तारांची उंची. घोडीवर प्रत्येक तारेची आपली आपली बैठक असते आणि तिला दोन इवले स्क्रू. बाराव्या पडद्यावर दोन-अडीच मिलिमीटर अंतर ठेवलं तर बोटांना सुख वाटतं. त्याहून खाली आणलं की तार पडद्यांवर खडखडते. मी ती मुद्दाम थोडी खाली आणते, खडखड सुरू होईपर्यंत, आणि मग हळूहळू वर नेते, थांबेपर्यंत. सतारमेकर गल्लीत तारेने घोडीला निसटता स्पर्श करावा म्हणून कानस फिरायची. इथे तारेने पडद्याला स्पर्श करू नये म्हणून चावी फिरते. तिथे ती गुणगुण हवी असते, इथे नको असते. पण दोन्हीकडे डोळे मिटावे लागतात. दोन्हीकडे हाताच्या एका केसभर हालचालीनंतर थांबून ऐकावं लागतं, आणि हातापेक्षा ते थांबणंच जास्त काम करतं. मिस्त्री मान का हलवायचे, ते मला आता माझ्या मानेला कळतं.

सगळ्यांत जास्त जीव रमतो तो बाराव्या पडद्यापाशी. तिथे ८६ सेंटिमीटरची तार बरोबर अर्धी होते. बोट नुसतं टेकवून छेडलं की घंटेसारखा स्वच्छ स्वर येतो. त्याच जागी दाबून वाजवलं की तोच स्वर यायला हवा. पण दाबताना तार ताणली जाते, स्वर थोडासा चढतो. म्हणून तिची बैठक मागे सरकवायची, तिला थोडी लांबी द्यायची. जाड तारेला ही लांबी सर्वांत जास्त द्यावी लागते, त्यामुळे शेवटी चारही बैठका तिरक्या पायऱ्यांसारख्या उभ्या राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं की कुणी अर्धवट काम टाकून उठलंय. त्या तिरकेपणातच चौघींचा मेळ असतो, हे पाहताना मला दर वेळी भरून येतं. सगळ्यांना सारखं मोजून दिलं असतं तर एकीचाही सूर लागला नसता.

वाद्यं बनवणाऱ्या लिओ फेंडरने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये १९५१ साली प्रिसिजन बास ही विजेवरची बास गिटार विकायला काढली, आणि उभ्या, माणसाएवढ्या डबल बासचं काम गळ्यात अडकवता येऊ लागलं. सर्वांत खालची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते. तिच्या खाली माणसाच्या ऐकण्याचा तळ फार लांब नाही. त्या तळाशी राहणारी माणसं मात्र फार थोड्यांना ठाऊक असतात. डेट्रॉइटच्या मोटाऊन स्टुडिओत जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा, तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. वर्षानुवर्षं सगळं जग त्याच्या बोटावर नाचलं आणि त्याचं नाव रेकॉर्डच्या वेष्टणावर आलं ते १९७१ मध्ये. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बास असायची. ती गाणी गुणगुणणाऱ्या घराघरात गायकाचं नाव पाठ असतं, गीतकाराचंही असतं. गाण्याखालची ती चालती जमीन कुणाच्या बोटांची, हे कुणी विचारत नाही.

मलाही ते पुष्कळ उशिरा सुचलं. गणपतीत चौकात ऑर्केस्ट्रा यायचा, स्टेजजवळ जागा मिळाली नाही की मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहायचे. बांबू आतून थरथरत असायचा. वर कुणी लता गायचं, कुणी किशोर, टाळ्या, शिट्ट्या. पण माझ्या पाठीत जो शिरायचा तो आवाज स्टेजच्या कोपऱ्यात, ड्रमच्या मागे, मान खाली घालून उभ्या असलेल्या एका माणसाचा होता. तो कधी पुढे आला नाही. निवेदकाने त्याचं नाव घेतलं असेलही, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मधेच एकदा तो थांबला आणि सगळं गाणं एकाएकी हलकं, पोरकं झालं. गाणारी गात होती, पेटी वाजत होती, आणि तरी पायाखाली काही नव्हतं. मग तो पुन्हा आला. चौकातल्या माणसांनी श्वास सोडला. आपण तो कशासाठी धरला होता, हे त्यांना कळलंही नसेल.

आत्या शेवटच्या काळात गात नसे. बोटंही थकली होती. तानपुरा तेवढा मांडीवर घ्यायची आणि फक्त खर्जाची तार छेडत राहायची, बाकीच्या तिघींना हात न लावता. घरातली माणसं म्हणायची, अर्धवटच वाजवते. मला ते कधी अर्धवट वाटलं नाही. एवढं गाणं झाल्यावर मागे उरावं ते हेच उरलं, असं वाटायचं.

पन्नाशीनंतर वाद्य घ्यायचं ठरवलं तेव्हा दुकानातल्या मुलाने आपुलकीने विचारलं होतं, ‘काकू, साधी गिटार का नाही? गाणं वाजवता येईल, चार लोक ऐकतील.’ त्याचं बरोबर होतं. पण मला चार लोकांनी ऐकावं याची ओढ नव्हती. मला त्या कोपऱ्यात उभं राहायचं होतं, जिथून बाकीच्यांचं गाणं उभं राहतं. आयुष्यात पुष्कळ माणसांनी मला असं खालून धरलेलं आहे, आवाज न करता, आणि त्यांचे आभार मानायची दुसरी कुठलीही रीत मला सापडलेली नाही.

पावसाळा लागला की दांडी पुन्हा हलेल. हवेतलं पाणी लाकडात शिरेल, उजेडाची ती रेघ बदलेल, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत पुन्हा बदलेल. हे काम संपत नाही, आणि ते संपत नाही याचाच मला आनंद आहे. परवा वरच्या मजल्यावरची मुलगी विचारायला आली. सोसायटीच्या गणपतीत त्यांना गाणी करायची आहेत, कीबोर्ड आहे, ठेका धरायला कहोनचं खोकं आहे, गायला ती आहे, खाली धरायला कुणी नाही. मी लगेच हो म्हटलं. तिला माझं वाजवणं ऐकू यावं अशी माझी अपेक्षा नाही. वरचा षड्ज घेताना तिला पडायची भीती वाटू नये, एवढं जमलं की माझ्या तारा जुळल्या.