नळदुर्ग व तेर

सोलापुरांत पाहण्यासारखें काय आहे, असें बाहेरगांवचे पाहुणे विचारतात, तेव्हां आपण त्यांस सिद्धेश्वराचें तळें दाखवितों, भुईकोट किल्ला दाखवितों, डॉ. कोटणीसांचें स्मारक दाखवितों, आणि स्टेशनावर पोंचविण्यापूर्वीं एक चादर त्यांच्या हातीं देतों. यांत गैर कांहीं नाहीं. परंतु ज्या गांवचें कापड दोन हजार वर्षांपूर्वीं समुद्रापलीकडे जात होतें, तें गांव येथून एका दिवसांत जाऊन येण्याजोगें आहे, हें त्या पाहुण्यांस आपण क्वचितच सांगतों. त्या गांवाचें नांव तेर.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मिसर देशांत राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांचें वर्णन लिहून ठेवलें आहे. त्याचें स्वतःचें नांव कालोदरांत गेलें. पुस्तक मात्र ‘पेरिप्लस’ या नांवानें उरलें. भडोच बंदराविषयीं लिहितांना तो सांगतो कीं, तेथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर नांवाचें फार मोठें शहर आहे. तेथून साधें कापड पुष्कळ आणि तलम मलमलीचे नाना प्रकार गाड्यांत घालून, धड रस्ते नसलेल्या अफाट मुलखांतून भडोचास येतात. हें तगर कोणतें, यावर पंडितांनीं बरीच वर्षें वाद घातला. कोणी देवगिरी म्हटलें, कोणी जुन्नर, कोणी धारूर. अखेर १९०१ सालीं फ्लीटसाहेबांनीं तगर म्हणजे तेरच, असें प्रतिपादन केलें, आणि पुढें तेथें जीं उत्खननें झालीं त्यांनीं या मतास बळकटी आणली.

दिवाळीच्या सुटींत आम्ही पांच जण या तगराच्या दर्शनास निघालों. दोन शिक्षक आणि आठवी-नववींतले तीन विद्यार्थी. सरळ मार्ग तुळजापुरावरून आहे; परंतु मुलांचा आग्रह नळदुर्गाचा, म्हणून वाट थोडी वांकडी करून प्रथम हैदराबादच्या रस्त्यास लागलों.

नळदुर्ग हा पाण्याचा किल्ला आहे, असें मी म्हणेन. बुरूज शंभराहून अधिक आहेत, उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या चढतांना धाप लागते, वर तोफा आहेत. पण हें सर्व इतरत्रही पाहावयास मिळतें. येथें बोरी नदीच्या प्रवाहास मोठा दगडी बांध घालून किल्ला व पलीकडचा रणमंडळ जोडले आहेत, आणि त्या बांधाच्या पोटांत पाणीमहाल बांधला आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींतलें हें काम. पाऊस भरपूर झाला म्हणजे बांधावरील पाणी दोन वाटांनीं खालीं कोसळतें. लोक त्यांस नर व मादी म्हणतात. त्या वेळीं आंत उभें राहिलें तर डोईवरून नदी चालली आहे आणि अंगावर थेंब मात्र नाहीं, असा चमत्कार अनुभवास येतो. ज्यानें हें योजिलें तो नुसता गंवडी नव्हे, रसिकही असला पाहिजे. आम्ही गेलों तेव्हां प्रवाह पुष्कळ ओसरला होता. तरी मुलें त्या गारव्यांतून बाहेर निघेनात.

१८५३ सालीं निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला, तेव्हां मेडोज टेलर हे येथें अधिकारी होते. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचे कर्ते ते हेच. चांदबिबीवर त्यांनीं लिहिलेली कादंबरीही प्रसिद्ध आहे.

किल्ल्याच्या भिंतींवर मात्र कोळशानें व खिळ्यानें इतक्या जणांनीं आपलीं नांवें लिहून ठेविलीं आहेत कीं, वाचतां वाचतां कंटाळा यावा. बांधणाऱ्याचें नांव शोधावें लागतें, बघणाऱ्यांचें आपोआप दिसतें!

पाण्याशीं खेळणाऱ्या त्या मुलांकडे पाहतां पाहतां मला दुसऱ्या एका किल्ल्याची गोष्ट आठवली, आणि ती मीं तेथेंच त्यांस सांगितली. १९३४ सालीं डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळचीं लेणीं पाहण्यास निघाले होते. वाटेंत दौलताबादच्या किल्ल्यापाशीं हौदावर त्यांनीं हातपाय धुतले, तेवढ्यावरून त्यांस शिव्या ऐकाव्या लागल्या. अखेर किल्ला पाहूं दिला तो हत्यारी शिपाई बरोबर देऊन, आणि आंत पाण्यास कोठेंही शिवूं नये या अटीवर. आमच्यांतला धाकटा मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, तहान लागली असेल त्यांना.” यावर काय बोलावें, तें मला सुचलें नाहीं.

तुळजापुरास देवीच्या दर्शनाची गर्दी होती. आम्ही गाडी बदलून पुढें झालों. भुकेचा प्रश्न तेथेंच उभा राहिला. आपल्याकडे ‘हॉटेल’ हा शब्द फार उदार आहे. चहाचें आधण ठेवलेली पत्र्याची टपरीही हॉटेल, आणि रंगीत दिव्यांची माळ लावलेली हवेलीही हॉटेल. हमरस्त्यावरील अशाच एका हवेलींत आम्ही शिरलों. पदार्थांच्या यादींत पंजाबपासून चीनपर्यंत सर्व देश होते. फक्त आपला जिल्हा नव्हता. ज्वारीची भाकरी मिळेल काय, असें विचारतां, वाढप्यानें आमच्याकडे दयार्द्र दृष्टीनें पाहिलें. आम्ही उठलों, आणि धाराशिवास एका बाईंच्या खानावळींत जेवलों. तव्यावरून उतरलेली भाकरी, पिठलें, शेंगांची चटणी आणि बुक्कीनें फोडलेला कांदा. बाई भाकरी थापतां थापतां पोरांकडे बघत होत्या, आणि कोणाचें ताट रितें झालेलें त्यांस खपत नव्हतें. परगांवच्या पाहुण्यास आपण आपलें जेवण वाढण्यास कां लाजतों, हें मला कधींही उमगलेलें नाहीं.

धाराशिवाहून तेर जवळच. प्रथमदर्शनीं गांव इतर गांवांसारखेंच वाटतें. तेरणा नदी, बाभळी, ज्वारीचीं शिवारें, आणि मध्येंच पांढऱ्या मातीचीं उंच टेंकाडें. हीं टेंकाडें म्हणजेच जुनें तगर. जुन्या पांढरीची माती धाब्याच्या घरांस व शेतांस चांगली, म्हणून आपल्या मुलखांत ठिकठिकाणीं लोक ती पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरभरून नेत आले. त्या मातीबरोबर किती शहरें शेतांत पसरलीं असतील, कोण जाणे!

गांवांत त्रिविक्रमाचें देऊळ आहे. विटांचें बांधकाम, आणि पाठीमागची बाजू गजपृष्ठासारखी गोल. यावरून तें मुळांत बौद्धांचें चैत्यगृह असावें, असें कझिन्ससारख्या संशोधकांस वाटलें. नदीकांठीं संत गोरा कुंभारांची समाधि आहे. संतमंडळी जमलीं असतां गोरोबांनीं थापटण्यानें प्रत्येकाच्या डोक्यावर मारून मडकें कच्चें कीं पक्कें तें पारखलें, आणि नामदेवांस कच्चें ठरविलें, ही कथा मुलांस ठाऊकच होती. थापटणें पाहावयास मिळेल काय, अशीही त्यांनीं चौकशी केली.

आतां ज्यासाठीं आलों होतों तें वस्तुसंग्रहालय. तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनीं या टेंकाडांवर, शेतांत, नदीच्या कांठीं सांपडणाऱ्या वस्तु वर्षानुवर्षें गोळा केल्या. पावसानें धुऊन वर आलेलें मणि, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, सातवाहनांचीं नाणीं, मातीच्या पणत्या, केओलीन या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या. ज्यास कोणी खापर म्हणून लाथेनें उडवावें, तें त्यांनीं उचललें. अशा हजारों वस्तूंचा संग्रह पुढें शासनाच्या स्वाधीन झाला आणि संग्रहालयास त्यांचें नांव मिळालें. १९५८ सालीं बी. एन. चापेकर यांनीं येथें शास्त्रोक्त उत्खनन केलें. पण माती बोलते, हें त्या गृहस्थांनीं आपल्या डोळ्यांनींच ओळखलें होतें.

या संग्रहांतील सर्वांत नांवाजलेली वस्तु म्हणजे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति. ती वीतभरही नाहीं. आरशाची मूठ म्हणून ती घडविली असावी, असा तर्क आहे. इटलींत व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखालीं इसवी सन ७९ मध्यें पाँपेई शहर गाडलें गेलें. तेथील एका घरांत १९३८ सालीं हिंदी घडणीची अशीच एक हस्तिदंती स्त्री सांपडली, ती नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. दोघींच्या घडणींत इतकें साम्य आहे कीं, अभ्यासकांनीं त्या एकमेकींच्या शेजारीं मांडल्या. एक तेरच्या मातींत राहिली. दुसरी कोठून कशी गेली, हें निश्चित सांगतां येत नाहीं, पण ‘पेरिप्लस’मधील त्या गाड्यांची वाट डोळ्यांपुढें आल्यावांचून राहत नाहीं. मलमलीच्या गठ्ठ्यांत गुंडाळलेली ती बाहुली, बैलांच्या घंटा, आणि पुढें भडोचचा खारा वारा! कापड कुजून गेलें; त्याचा धागाही संग्रहांत दिसणार नाहीं. सोलापूरकर या नात्यानें माझ्या मनास तीच हळहळ लागली.

बाहेर आल्यावर धाकटा मुलगा मागें रेंगाळला. टेंकाडाच्या उतारावर त्याला काळ्या-तांबड्या खापराचा एक तुकडा सांपडला होता; गुळगुळीत, कांठाशीं एक रेघ ओढलेला. तो त्यानें खिशांत घातला. मीं म्हटलें, “येथली वस्तु येथून न्यावयाची नसते.”

तो म्हणाला, “मग लामतुरे आजोबांनीं उचललेलें कसें चाललें?”

प्रश्न रास्त होता. दुसरे शिक्षक हंसले आणि मजकडे पाहूं लागले. मीं त्यास इतकेंच विचारलें, “तूं सोलापुरास नेलास, तर तो कोण पाहील?”

“मी. आणि आई.”

“आणि त्यांनीं उचलला असता तर?”

तो कांहीं बोलला नाहीं. कपाळास आंठ्या घालून थोडा वेळ उभा राहिला, मग तसाच माघारीं फिरून संग्रहालयाच्या दारांत गेला. दारावरील गृहस्थांनीं तुकडा हातीं घेतला, उन्हांत धरून पाहिला, बोटाच्या नखानें त्यावर दोनदां टिचकी मारली. खणखणीत आवाज आला.

“पक्कें आहे,” ते म्हणाले, आणि तो कोठें सांपडला तें दाखविण्यासाठीं त्याचा हात धरून उताराकडे चालूं लागले.