टेकडीवरचं कुसळ आणि कुत्र्याचं नाक

पावसाळा सरला की पुण्याच्या वेताळ टेकडीवर जाण्यात खरी मजा. शहराच्या हद्दीतलं हे सर्वांत उंच ठिकाण, साधारण 800 मीटर. पहाटे गेलात तर उंदीरमारीच्या झाडांतून मोरांचा आवाज येतो, जुन्या दगडखाणीकडे माणसांबरोबर त्यांची कुत्रीही फिरताना दिसतात. पण ऑक्टोबर लागला की गवत पिवळं पडतं आणि कुसळं सुटी होतात. घरी येऊन मोज्यांतून ती वेचत बसणं तुम्हाला नवं नसेल. कुत्र्याच्या नाकाचा विचार मात्र आपण करत नाही. मीही केला नव्हता.

आमचा गुंड्या गवतात तोंड खुपसून हुंगत होता. एकाएकी डोकं झटकत शिंकायला लागला. ओळीने पंधरा-वीस शिंका! पंजाने नाक ओरबाडू लागला. ‘गारठा बाधला,’ असं मी ठरवूनच टाकलं. घरी न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ दिली. संध्याकाळी शिंका कमी झाल्या आणि मी निर्धास्त झालो. तिथेच चुकलो. चौथ्या दिवशी डाव्या नाकपुडीतून घाण वासाचा पिवळा शेंबूड आला, त्यात रक्ताची रेघ. डॉक्टरांना भूल देऊन, नाकात दुर्बीण घालून कुसळ काढावं लागलं.

कुसळाची घडणच तशी आहे. टोकाशी मागे वळलेले राठ केस असतात, म्हणून ते पुढे सरकतं, मागे येत नाही. ओल लागली की त्याच्या शेपटीचा पीळ सुटतो आणि ते गोल फिरतं. याच युक्तीने बी जमिनीत घुसतं. नाकात तर ओल कायमचीच.

तेव्हा गवतातून आल्यावर कुत्रा अचानक जोरजोरात शिंकू लागला, एकाच नाकपुडीतून स्राव किंवा रक्त आलं, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. चिमटा घालू नका, कुसळ आणखी आत जातं. नाकाला बाम चोळू नका आणि घरातली सर्दीची गोळी तर मुळीच देऊ नका. पॅरासिटामॉलसुद्धा कुत्र्याला विषासारखं ठरू शकतं.

प्रत्येक शिंक घाबरण्याची नसते. खेळाच्या भरात कुत्री शिंकतातच. कधी मान ताठ करून घुर्र-घुर्र श्वास आत ओढतात, तो प्रकार बहुधा मिनिटभरात थांबतो. साध्या चोंदलेल्या नाकाला न्हाणीघरातली दहा मिनिटांची वाफ आणि कोमट ओल्या कापडाने पुसणं पुरतं. पण ताप, घट्ट शेंबूड, डोळ्यांत चिपडं आणि जेवणावर वासना नाही, असं एकत्र दिसलं तर डिस्टेंपरची शंका घ्या, विशेषतः लस राहिलेल्या पिल्लात. गोचिडांच्या तापातही नाकातून रक्त येतं, म्हणून टेकडीवरून आल्यावर कानांमागे आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून बघा.

गुंड्या आता पाऊस पडून गवत पुन्हा हिरवं होईपर्यंत रुळलेल्या वाटेनेच येतो, आखूड पट्ट्याला बांधून. वाळलेलं गवत दिसलं की अजूनही तिकडे ओढ घेतो. मी पट्टा आवळतो आणि तो पुढची दहा पावलं माझ्याकडे बघतसुद्धा नाही.