संमतीवय: काही टिपणे

१.
१९७४ साली स्कॉटलंडमध्ये एक संघटना निघाली: पीडोफाइल इन्फर्मेशन एक्स्चेंज. सगळं रीतसर. वर्गणी, सभासद, नियतकालिक, सरकारी समितीकडे निवेदन. मुख्य मागणी, संमतीवयाचा कायदा काढून टाका. १९८४ साली ती विसर्जित झाली. तोवर तिच्या एका माजी अध्यक्षाला तुरुंगवास झाला होता.

२.
ही संघटना काही वर्षं ब्रिटनच्या नॅशनल कौन्सिल फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेशी संलग्न होती. नागरी हक्कांसाठी झटणारी जुनी, चांगली संस्था. तिच्या तेव्हाच्या सरचिटणीस पॅट्रिशिया ह्यूइट यांनी २०१४ साली जाहीर माफी मागितली.

समलिंगी माणसांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतही असे गट शिरले होते. तिनं १९९४ साली मतदान घेऊन त्यांना बाहेर काढलं. दोन प्रौढांचं प्रेम आणि मुलाचं शोषण यांची सांगड घालणारे आजही भेटतात. त्यांना हे साल सांगावं.

३.
पॅरिस, जानेवारी १९७७. 'ल मोंद' दैनिकात एक पत्रक छापून आलं. पंधरा वर्षांखालच्या मुलांशी लैंगिक वर्तन केल्याच्या आरोपावरून कोठडीत असलेल्या तिघा पुरुषांची बाजू घेणारं. सह्या सार्त्र, बोव्हार, बार्थ, देल्यूझ यांच्या. मजकूर लिहिणारा गाब्रिएल मात्झनेफ, नावाजलेला लेखक.

पॅरिस, जानेवारी २०२०. व्हानेसा स्प्रिंगोरा यांचं आत्मकथन आलं. त्या चौदा वर्षांच्या असताना पन्नाशीतल्या मात्झनेफनं त्यांच्याशी काय केलं, याचं. पुस्तकाचं नाव मराठीत सांगायचं तर 'संमती'.

फ्रान्सनं पंधरा वर्षांची स्पष्ट रेषा कायद्यात आखली ती २०२१ साली.

४.
पत्रकावरच्या सह्या मी पुन्हा वाचल्या. यातल्या दोघांची पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. ती तिथेच राहतील. पण ती उघडताना हे पत्रक आता आठवणार.

५.
'संमतीवय' हा शब्द आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत रुळला. कलकत्त्यात १८८९ साली फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली. १८९१ साली मुलीचं संमतीवय दहावरून बारा करणारा कायदा झाला. मुंबईचे बेहरामजी मलबारी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले होते. टिळकांचा विरोध होता, परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून. आगरकर कायद्याच्या बाजूनं 'सुधारका'त लिहीत होते. शास्त्रवचनं, स्वराज्य, परंपरा, सगळ्यावर रकाने भरले.

फुलमणी दहा-अकरा वर्षांची होती. हे पुन्हा एकदा लिहून ठेवतो.

६.
१८६० साली दहा. १८९१ साली बारा. १९२५ साली चौदा. पुढे सोळा. २०१२ साली अठरा.

७.
१९७९ साली डेव्हिड फिंकलहॉर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं एक लहान लेख लिहिला. प्रौढानं मुलाशी लैंगिक संबंध ठेवणं चूक का, एवढाच प्रश्न. 'मुलाला इजा होते' हे उत्तर त्याला अपुरं वाटलं, कारण मग समोरचा म्हणतो, या अमुक मुलाला इजा झाल्याचं दाखवा. फिंकलहॉर संमतीपाशी गेला. संमती द्यायला दोन गोष्टी लागतात. आपण कशाला हो म्हणतोय याची जाण, आणि नाही म्हणायची मोकळीक. मुलाकडे यातलं एकही नसतं. जेवायला घालणारा, शिकवणारा, रागावणारा, घरी नेऊन सोडणारा मोठा माणूस समोर उभा असतो.

मुलाला 'हो' म्हणवून घेणं जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. आपण रोज करतो, दूध पिण्यासाठी, गृहपाठासाठी.

८.
मुलांशी संबंध हवे असणाऱ्या माणसाला पूर्वी आपल्यासारखा दुसरा शोधायचा तर टपालपेटी, टोपणनाव आणि धीर लागायचा. इंटरनेट आलं आणि गावातला एकटा माणूस एका रात्रीत शंभरांत जाऊन बसला. शंभर जण रोज सांगू लागले की तुझं काही चुकत नाही, जगच मागासलेलं आहे. शोषणाच्या चित्रांइतकंच हे बोलणं घातक आहे, असं माझं ठाम मत आहे.

९.
१९९६ सालच्या चार नोंदी.

फेब्रुवारी. अमेरिकेत कायदा झाला. संकेतस्थळावर दुसऱ्यानं लिहिलेल्या मजकुराचा प्रकाशक म्हणून चालकाला धरता येणार नाही. मूळ इंग्रजीत हे कलम सव्वीस शब्दांचं आहे.

मार्च. मडगावच्या न्यायालयानं फ्रेडी पीट्सला जन्मठेप दिली. गोव्यात तो मुलांचा आश्रम चालवत होता. १९९१ साली अटक झाली तेव्हा त्याच्याकडे दोन हजारांहून अधिक छायाचित्रं सापडली. सगळी कागदावरची.

जून. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून १०९८ हा मुलांसाठीचा फोन सुरू झाला.

ऑगस्ट. लंडनच्या पोलिसांनी इंटरनेट कंपन्यांना कळवलं की तुमच्या यंत्रांवर मुलांच्या शोषणाची चित्रं आहेत, ती काढा, नाहीतर आम्ही बघतो. त्याच वर्षी कंपन्यांनी इंटरनेट वॉच फाउंडेशन उभं केलं.

१०.
नोव्हेंबर २०१०. ॲमेझॉनवर मुलांशी संबंध ठेवण्याचं 'मार्गदर्शन' करणारं ई-पुस्तक विकायला होतं. कंपनीचं पहिलं उत्तर असं की एखादा विचार आक्षेपार्ह वाटतो म्हणून पुस्तक न विकणं ही सेन्सॉरशिप होईल. गिऱ्हाईक खवळलं. पुस्तक गेलं.

ऑक्टोबर २०११. अल्पवयीन मुलींचे फोटो लैंगिक नजरेनं मांडणारा रेडिटवरचा एक विभाग बंद झाला. आधी बातमी टीव्हीवर आली, मग तो बंद झाला. अल्पवयीनांचा लैंगिक मजकूर सरसकट चालणार नाही, असा नियम रेडिटनं केला फेब्रुवारी २०१२ मध्ये.

दोन्हीकडे क्रम तोच. आधी लाज, मग नियम.

११.
इंग्रजी विकिपीडियाचा नियम: मुलांशी संबंध ठेवण्याचा पुरस्कार करणाऱ्या, किंवा स्वतःला पीडोफाइल म्हणवणाऱ्या संपादकाला कायमचं रोखायचं. हा नियम सहज आला नाही, २००६ साली त्यावरून तिथल्या प्रशासकांतच जुंपली होती. मतस्वातंत्र्याचा मुद्दा तेव्हा आला, अजूनही येतो. माझ्या लेखी एक गोष्ट निर्णायक आहे. विकिपीडियावर बारा-तेरा वर्षांची मुलंही संपादन करतात.

१२.
नेदरलँड्समध्ये मार्टेन नावाची संघटना १९८२ पासून उघडपणे चालत होती, संकेतस्थळासह. २०१२ साली आसेनच्या न्यायालयानं ती विसर्जित करायला सांगितलं. २०१३ साली अपिलात तो निकाल फिरला. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदीवर शिक्कामोर्तब केलं. मोकळेपणाबद्दल जगात नावाजलेल्या देशालाही बत्तीस वर्षं लागली.

१३.
फोटोडीएनए, शोषणाची चित्रं ओळखण्याचं तंत्र. २००९ साली मायक्रोसॉफ्ट आणि हॅनी फरीद या प्राध्यापकानं तयार केलं. चित्र आधी कृष्णधवल करायचं, ठरावीक आकारात आणायचं, चौकटी पाडायच्या, प्रत्येक चौकटीतल्या उजेड-अंधाराच्या फरकांचे आकडे काढायचे. आकड्यांची ही माळ म्हणजे त्या चित्राचा ठसा. चित्र थोडं बदललं तरी ठसा जुळतो.

पण हे ओळखीचंच चित्र ओळखतं. 'मुलालाही इच्छा असते' हे वाक्य त्याला दिसत नाही. ते माणसालाच वाचावं लागतं.

१४.
त्या माणसाबद्दल. हैदराबादेत, मनिलात, नैरोबीत मजकूर तपासायला पाळीवर बसलेली तरुण मुलं-मुली. अमेरिकेतल्या मॉडरेटरांनी मानसिक आजारांबद्दल फेसबुकवर दावा लावला, २०२० साली ५.२ कोटी डॉलरवर तडजोड झाली. हैदराबादच्या मुलांचा त्यात वाटा नव्हता. त्यांच्या आईवडिलांना मुलगा 'आयटीत' आहे एवढंच ठाऊक असतं.

१५.
फेसबुकनं २०२० सालच्या दोन महिन्यांतला मुलांच्या शोषणाचा मजकूर तपासला. नव्वद टक्क्यांहून अधिक आधीच पकडलेल्याच्या प्रती. निम्म्याहून अधिक, अवघ्या सहा व्हिडिओंच्या प्रती.

सहा.

१६.
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकदा एक क्लिप आली. खाली लिहिलेलं, 'या नराधमाला शिक्षा होईपर्यंत फॉरवर्ड करा.' पाठवणारे काका सज्जन. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांना फोन केला, म्हणाल्या, "काका, त्यात त्या पोरीचा चेहरा दिसतोय." काकांनी काढून टाकली. तोवर कुणी कुणी पुढे पाठवली होती, ते कोण सांगणार?

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब. अशी चित्रफीत पसरवणं गुन्हा आहे. रागानं पसरवली तरी.

१७.
मराठी बातम्यांतले शब्द टिपत होतो. 'अश्लील चाळे.' 'अतिप्रसंग.' 'गैरकृत्य.' 'प्रेमसंबंधातून.'

चाळे पोरं करतात. सात वर्षांच्या मुलीला जिन्यात गाठणारा माणूस चाळे करत नसतो. 'प्रेमसंबंधातून' हा शब्द मी तेरा वर्षांच्या मुलीच्या आणि चाळिशीतल्या शिकवणीच्या सरांच्या बातमीत वाचला. वार्ताहराच्या मनात वाईट काही नसेल. पण हाच शब्द त्या संघटनांनी पन्नास वर्षं लावून धरला: हे प्रेम आहे. आपण तो त्यांना फुकट देतो.

इंग्रजीतही ही झटापट चालू आहे. ती मंडळी स्वतःला 'मुलांकडे आकर्षित व्यक्ती' म्हणवतात. उलट बाजूनं २०१६ सालच्या लक्झेंबर्ग मार्गदर्शिकेनं सांगितलं की 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्द टाळा, कारण पोर्नोग्राफी म्हटलं की संमती गृहीत धरली जाते. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. न्यायालयांनी हा शब्द वापरू नये, शोषण आणि अत्याचार म्हणावं. असं साहित्य जवळ बाळगणं किंवा पाहणं गुन्हा ठरू शकतं, हेही त्याच निकालात.

मराठीत नवा शब्द घडवायची गरज नाही. 'अत्याचार' आहे.

१८.
बर्लिनच्या शारिते रुग्णालयानं २००५ साली एक उपचारकेंद्र सुरू केलं. मुलांबद्दल आकर्षण वाटतं पण मुलाला हात लावायचा नाही, अशांसाठी. नाव गुप्त राहतं. तिथे येणारा माणूस म्हणतो, मला थांबवा. संघटनेत जाणारा म्हणतो, मला थांबवू नका. दोघांना एकाच दगडानं मारू नये.

१९.
कुलाब्याचा अँकरेज आश्रम. रस्त्यावरच्या मुलांसाठी काढलेला. मुलांच्या शोषणाचा खटला, आरोपींत दोघे ब्रिटिश. मुलं न्यायालयात उभी राहून बोलली. २००६ साली शिक्षा झाली. २००८ साली उच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या साक्षी मानल्या आणि शिक्षा पुन्हा लागू केली.

पहिली तक्रार आणि शेवटचा निकाल यांच्या मधल्या काळात ती मुलं मोठी झाली.

२०.
१०९८. दिवसरात्र, मोफत. मूल स्वतःही लावू शकतं. आपल्या घरातल्या मुलांकडून तो पाठ करून घ्या.