सपाट रेषेवर ठेवलेला विश्वास

सांडपाण्यातले विषाणू शोधताना माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतली सर्वांत मोठी चूक घडत असताना काही बिघडतंय असं वाटतच नव्हतं. यंत्राच्या पडद्यावर रेषा सपाट यायची, रकान्यात ‘विषाणू आढळला नाही’ असं लिहिलं जायचं, खाली माझी सही व्हायची आणि पुढचा नमुना हातात घेतला जायचा.

काम पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नदीवरचं होतं. शहराचे नाले नदीला मिळतात तिथलं पाणी आम्ही घ्यायचो. शिवाय खालच्या बाजूला गावांच्या पाणीपुरवठा योजनेच्या जॅकवेलचं आणि त्या गावांतल्या नळांचंही. शोधायचे होते हिपॅटायटिस ए आणि ई, नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, अ‍ॅडेनोव्हायरस. सगळे माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडणारे आणि पाण्यात कित्येक आठवडे तग धरणारे. पण पाण्यात ते फार विरळ असतात. म्हणून लिटरच्या लिटर पाणी गाळून किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल घालून त्यांना थोड्याशा द्रवात गोळा करायचं, त्यातून आरएनए वा डीएनए काढायचं आणि ते पीसीआरला लावायचं. विषाणू असला तर पडद्यावरची रेषा वर चढते.

मेख इथेच आहे. एवढ्या पाण्यातला ऐवज काही थेंबांत आणताना एकटे विषाणू येत नाहीत. कुजलेल्या पालापाचोळ्यातलं ह्यूमिक आम्ल, साबण, चरबी हेही बरोबर येतं आणि पीसीआरच्या एन्झाइमला काम करू देत नाही. म्हणजे नमुना जितका घाण, तितका निकाल स्वच्छ येण्याचा धोका जास्त. हे मला माहीत होतं, विद्यार्थ्यांना मी ते शिकवलंही होतं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नमुन्यात एखादा ओळखीचा, निरुपद्रवी विषाणू मोजून मिसळायचा आणि शेवटी त्यातला किती हाती लागला ते पाहायचं. ही पायरी मी गाळली. किट महाग होतं, नमुने साचत होते. अधूनमधून पाहिलं तरी पुरे, असं मी स्वतःच ठरवून टाकलं.

पावसाळ्याच्या तोंडावर एका गावाला असाच अहवाल गेला. तिथे जलसुरक्षक रोज नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का हे पाहणारी ओ.टी. टेस्ट करत होता, रंग पिवळा येत होता, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर वेळेवर पडत होती. कॉलिफॉर्म जीवाणूंचा अहवालही ठीक होता. त्याच सुमाराला नाल्याला लागून गेलेल्या जलवाहिनीची गळती काढायचं काम ग्रामपंचायतीच्या बैठकीत आलं होतं. ग्रामसेवकांनी फोनवर विचारलं, “मॅडम, पाणी ठीक आहे म्हणायचं ना?” मी म्हटलं, “आमच्या तपासणीत काही नाही.” काम पावसाळ्यानंतर करायचं ठरलं. श्रावण सरता सरता खालच्या आळीत कावीळ सुरू झाली. रक्ताच्या तपासणीत हिपॅटायटिस ई निघाला.

साथ माझ्या कागदामुळे आली, असं मी म्हणणार नाही. पण काम पुढे ढकलताना त्याचा आधार घेतला गेला आणि तो आधार पोकळ होता. आळीतल्या एका गरोदर बाईला जिल्हा रुग्णालयात हलवावं लागलं. हिपॅटायटिस ई एरवी बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जातो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत त्यात मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. ती बाई वाचली. ते दिवस मला फार जड गेले.

दिल्लीचा १९५५-५६चा इतिहास मला तोंडपाठ होता, हे तर अधिकच टोचत राहिलं. यमुनेला पूर आला आणि नंतर नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत मागे सरकलं. तिथल्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवलं. टायफॉइड, हगवण वाढली नाही. कावीळ मात्र सुमारे २९ हजार लोकांना झाली. जीवाणू मेले, विषाणू पार झाले. त्या वेळी ती हिपॅटायटिस ए समजली गेली. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून ती ई असल्याचं पुढे कळलं. हा धडा मी व्याख्यानांत सांगत असे. तरीही गावात कॉलिफॉर्म ठीक, क्लोरीन ठीक आणि माझी रेषा सपाट, हे तिन्ही पुरावे एकमेकांना दुजोरा देतात असं मी मानलं. खरं तर पहिले दोन विषाणूंबद्दल फारसं काही सांगतच नव्हते आणि तिसरा तपासलेलाच नव्हता.

साथ सुरू झाल्यावर मी घाईने पुन्हा पाणी गोळा करायला गेले, हाही विचार चुकलाच. या आजाराची लक्षणं संसर्गानंतर दोन ते आठ आठवड्यांनी दिसतात. ज्या पाण्याने माणसं आजारी पडली, ते केव्हाच वाहून गेलेलं होतं.

त्या पाण्याचे निकालही कोरेच आले. तेव्हा प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, “मॅडम, हाच अर्क दहापट पातळ करून लावू का?” एरवी दहापट पातळ केलं की रेषा साधारण सव्वातीन चक्रं उशिरा वर चढते. इथे मूळ अर्काची रेषा शेवटपर्यंत सपाट राहिली आणि पातळ केलेल्याची चढली. नाल्याच्या नमुन्यात हिपॅटायटिस ई होता. पातळ करताना एन्झाइमला अडवणारी घाण कमी झाली, एवढंच काय ते घडलं होतं. फ्रीझरमध्ये उरलेले जुने अर्क आम्ही पुन्हा लावले. कितीतरी निकाल उलटले. ज्यांचे अर्क उरलेच नव्हते, त्यांचं काय, याला उत्तर नाही.

पुढे आम्ही प्रत्येक नमुन्यात ओळखीचा विषाणू मोजून मिसळू लागलो आणि शिवाय मिरचीवर पडणारा एक विषाणूही शोधू लागलो. पेपर माइल्ड मॉटल व्हायरस हे त्याचं नाव. तो माणसाला बाधत नाही. मिरची आणि तिखटातून पोटात जातो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि जगभरच्या सांडपाण्यात मुबलक सापडतो. शहराच्या नाल्यात तोही मिळाला नाही, तर चूक आपल्या पद्धतीत आहे. पोलिओच्या कामात ही शिस्त आधीपासून होती. मुंबईत २००१पासून सांडपाण्यात पोलिओ शोधला जातो, कारण संसर्ग झालेल्या शेकडो मुलांमागे एखाद्यालाच लुळेपणा येतो आणि बाकीच्यांची खूण नाल्यातच मिळते. त्या कामात नमुना घेण्याची जागा चांगली आहे की नाही हे ठरवताना निदान निम्म्या नमुन्यांत पोलिओखेरीजचे इतर एन्टेरोव्हायरस मिळतात का, हे बघतात. तेही मिळत नसतील, तर पोलिओ मिळाला नाही या निष्कर्षाला किंमत नाही. मी हे वाचलं होतं, पण स्वतःच्या कामाला लावलं नव्हतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. प्रत्येक रेषा चढावी असं वाटू लागलं. एका नळाच्या नमुन्यात नोरोव्हायरस दिसला तेव्हा गावाला कळवायला मी फोन उचलला होता. त्याच मुलीने थांबवलं, कारण तुलनेसाठी नुसतं शुद्ध पाणी घालून लावलेल्या परीक्षानळीतही रेषा चढलेली होती. पीसीआरचं मिश्रण आम्ही ज्या खोलीत बनवत होतो, तिथेच वाढवलेलं डीएनए हाताळत होतो. दूषित झालेलो आम्ही होतो. खोल्या वेगळ्या केल्या. आणि क्लोरीन घातलेल्या पाण्यात आरएनए मिळालं तरी तो विषाणू जिवंत आहे असं पीसीआर सांगत नाही, ही ओळ तेव्हापासून अहवालात छापली जाते.

मी त्या गावात जाऊन हे सगळं सांगितलं. सरपंचबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आता जो कागद द्याल, त्यावर आम्ही किती भरवसा ठेवायचा?” मी म्हटलं, मिसळलेल्या विषाणूपैकी किती परत मिळाला, तो आकडा पाहून ठरवा. त्या म्हणाल्या, “मग तो आकडा वर लिहा, मराठीत. खाली बारीक अक्षरात नको.” आता तो पहिल्या ओळीत असतो, आणि ठरवलेल्या मर्यादेच्या खाली गेला तर निकालाचा रकाना भरतच नाही, पाणी पुन्हा आणलं जातं. आधीच्या महिन्यांच्या ज्या नोंदींचे अर्क उरले नव्हते, त्यांच्यापुढे ‘तपासणी ग्राह्य नाही’ असं लिहून मी तारखेसह सही केली आहे. त्या नोंदी शून्य धरून नदीची सरासरी काढू का, असं एका अभ्यासकाने मध्यंतरी विचारलं. मी त्यांना त्या ओळी गाळायला सांगितल्या.