वाफेचे यंत्र

सिगारेट सुटावी म्हणून लंडनमध्ये मी हे वाफेचे यंत्र घेतले. सिगारेट सुटली, यंत्र सुटेना! आतला कापूस करपला, की रात्री मी नवी कॉइल बसवी, चिकट झालेले आटे पुशी. सिगारेटचे असे लाड मी कधी केले नव्हते.

आईच्या आजारपणात पुण्याला निघालो, तेव्हा हिने ते खिशातून काढून घेतले. "तिकडे नेता येत नाही. २०१९ पासून बंदी आहे."

आईच्या उशाशी बसलो, की अंगठा उगीच चाळवत राही. तिने ते पाहिले. काही न विचारता वडिलांचा अडकित्ता पुढे केला.

"कातर. मला नको, पण कातर."

परत आलो, तर बॅटरी मेलेली. तिसऱ्या दिवशी दुकान गाठले. पैशांसाठी खिशात हात घातला, तर बोटांना सुपारीचे खांड लागले.

यंत्र घेतलेच.