अंधारात संपणारं स्तोत्र

बसवनगुडी वसली ती प्लेगमुळे. 1898 साली जुन्या बेंगळुरूच्या दाट पेठांत माणसं मरू लागली, तेव्हा मोकळी हवा आणि रुंद रस्ते हवेत म्हणून ही वस्ती वसवली गेली. गांधी बझारातून जाताना मला हे हटकून आठवतं, आणि पाठोपाठ आठवतात पंडिता रमाबाई. त्याच वर्षी पुण्याजवळच्या केडगावला त्यांचं मुक्तिसदन उभं राहिलं, दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी. त्यांचा जन्म मात्र इथलाच, कर्नाटकातला, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला.

लग्न होऊन मी नगरहून इथं आले. गेल्या पावसाळ्यापासून ह्यांचं डायलिसिस सुरू आहे. भेटायला येणारे म्हणत, "प्रभूवर विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल." त्यांच्या मायेबद्दल शंकाच नाही, पण त्या शब्दांनी मला धीर आला नाही. धीर आला तो स्तोत्रसंहितेतल्या 88व्या स्तोत्रानं. इतर विलाप बहुतेक करून शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. आर्जवं करून, देवाला जाब विचारून ते अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी गाळलेलं नाही. म्हणजे रात्री उशीत तोंड खुपसून मी जे विचारते, त्यालाही देवाघरी जागा आहे.

तेव्हापासून रमाबाईंचं आयुष्य मी निराळ्या नजरेनं वाचते. आईवडील दुष्काळात, उपासमारीनं गेले. 1880 साली भाऊ गेला, 1882 साली कॉलऱ्यानं पती. 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, म्हणून पुढची दुःखं टळली नाहीत. जिच्या हाती मुक्तिसदनाचा कारभार सोपवायचा ती एकुलती लेक मनोरमा 1921 साली गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. थकल्या होत्या, कानांनी ऐकू येत नव्हतं, पण ते काम त्यांनी खाली ठेवलं नाही. पुढच्या एप्रिलात त्या गेल्या.

मला मात्र या सगळ्याहून केडगावची चूल मोठी वाटते. भुकेनं जिचे आईबाप नेले, त्या बाईनं शेकडो भुकेल्या पोरींना पंगतीला बसवलं. भूक का असते याचं उत्तर त्यांना मिळालं होतं की नाही, यानं त्या पंगतीला काही फरक पडत नाही.

डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर एक बाई असतात. लांबून, पहाटेच्या बसनं येतात; पोटात कॉफीखेरीज काही नसतं. त्यांना मराठी येत नाही, माझं कन्नड बाजारापुरतं. एकदा माझ्या हातातलं बायबल बघून त्यांनी आतल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं आणि हात जोडले. मी मराठीतच प्रार्थना केली. ते बरे होतील असा शब्द दिला नाही, तो माझ्या हातात नाही. शनिवारी त्यांच्या नवऱ्याची पाळी आमच्याबरोबरच आहे. चार चपात्या नि हुरुळीकाळूची, म्हणजे कुळथाची, उसळ जास्तीची करायची आहे; त्यांना ती आवडते, हे आता मला ठाऊक झालंय.