लांबी

भिंत रंगवण्याआधी तिच्यातले खाचखळगे बुजवण्यासाठी रंगारी जो लेप भरतात, त्याला आपण मराठीत ‘लांबी’ म्हणतो. आमचे गुजराती शेजारी त्यालाच ‘लापी’ म्हणतात. राज्य शासनाच्या सेवेत आम्ही तीन दशकांहून अधिक काळ काढला, पण या वस्तूशी आमचा संबंध आला तो देयकावर सही करण्यापुरता. ती स्वतःच्या हाताने कालवण्याची, भरण्याची आणि घासण्याची वेळ निवृत्तीनंतर आली. आणि तीही भिंतीसाठी नव्हे, एका होडीसाठी.

होडी आमच्या वडील बंधूंची, म्हणजे दादांची. चौदा फुटांची, फायबरग्लासची. रांदेर रस्त्यावरच्या आमच्या जुन्या घराच्या मागील अंगणात, पेरूच्या झाडाखाली, चार ओंडक्यांवर पालथी घातलेली. २००७ च्या उन्हाळ्यात दादांनी ती किनाऱ्यावरच्या एका गावातून जुनीच विकत आणली, तेव्हा सारी गल्ली पाहायला लोटली होती. “मराठे सुरतेतून नेतात असे ऐकले होते, हे तर आणून ठेवतात,” असा विनोदही एका शेजाऱ्यांनी केला. १६६४ आणि १६७० या दोन सालांचा उल्लेख सुरतेतल्या मराठी माणसाला जन्मभर हसतमुखाने ऐकून घ्यावा लागतो, त्यात ही एक भर. दादा मात्र हसले नाहीत. होडीवर ताडपत्री पडली, पावसाळ्यामागून पावसाळे गेले, आणि पाण्यात जाण्याचा योग तिला काही आला नाही.

आता दादांनी अठ्ठ्याहत्तरी गाठली आहे. गेल्या दिवाळीत ते म्हणाले, की होडी डुमसकडच्या एका मच्छीमार कुटुंबाला देऊन टाकायची. “पण अशी नाही द्यायची. नीट करून द्यायची. तू कर.” हे ‘तू कर’ म्हणताना त्यांची नजर आमच्याकडे नव्हती.

सुरत हे तसे जहाजबांधणीचे जुने गाव. ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ मध्ये मुंबईच्या गोदीसाठी ज्यांना नेले, ते लवजी नसरवानजी वाडिया इथलेच कसबी. त्यांच्या घराण्याने मुंबईत सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ सालचे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अजून तरंगते आहे. लाकडाच्या जहाजाची एखादी फळी कुजली, तर ती काढून दुसरी बसवता येते. गेल्या शतकाच्या चाळीशीत अमेरिकेत रुजलेल्या फायबरच्या रीतीत ती सोय नाही. काचेच्या धाग्यांच्या चटया साच्यात राळेने भिजवायच्या, थरावर थर चढवायचा, आणि वाळल्यावर सबंध होडी एकसंध बाहेर काढायची. सांधा नाही, खिळा नाही. अशा वस्तूत दोष निर्माण झाला, तर तो उकरून त्याच जागी भरावा लागतो.

हे सारे आम्हांला शिकवले ते फायबरचे काम करणाऱ्या एका वृद्ध कारागिरांनी. दादांच्या ओळखीने ते आठवड्यातून एकदा येत, खुर्चीवर बसून चहा घेत आणि आमच्या चुका काढत. पहिल्याच दिवशी आम्ही उत्साहाने काचकागद घेऊन बसलो, तो त्यांनी हातातून काढून घेतला. जुन्या होडीच्या अंगावर मेण आणि तेलकटपणा असतो. तो आधी थिनरच्या फडक्याने पुसून, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचा. न पुसता घासले, तर तोच मेणचटपणा ओरखड्यांत दाबला जातो आणि पुढे रंग पापुद्र्याने सुटतो. मग आली लांबीची पाळी. आम्ही मोटारीच्या गॅरेजातून डबा आणून ठेवला होता. तो पाहून त्यांनी मान हलवली. मोटारीची लांबी पाणी शोषते. होडीच्या बुडाला ती चालायची नाही. तिथे इपॉक्सी हवी. आणि तीही भरून झाल्यावर, हवा दमट असेल तर तिच्यावर मेणचट साय धरते. ती पाण्याने धुतल्याखेरीज पुन्हा घासायचे नाही. हिवाळ्यात काम काढले हे बरे केलेत, असे प्रशस्तिपत्र तेवढे आम्हांला मिळाले.

आमचा समज असा, की घासणे म्हणजे गुळगुळीत करणे. ते म्हणाले, गुळगुळीत तर आरसाही असतो आणि वाकडा आरसाही असतो. होडीच्या कुशीला नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक सलग ओघ असतो. तो कुठेही अडखळता कामा नये. त्यासाठी हातभर लांबीची, थोडी लवचीक फळी घ्यायची, तिला काचकागद चिकटवायचा आणि तिरके हात मारायचे. एकदा या तिरप्या दिशेने, एकदा त्या. लहान ठोकळ्याने घासले तर तो खड्ड्यात शिरून खड्डाच घासत बसतो. लांब फळी उंचवट्यावरून उंचवट्यावर जाते. आधी काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून ठेवायचा. फळी फिरली की उंच भाग पांढरे पडतात, खोल भाग काळेच राहतात. मग भरायचे ते काळ्या जागी. उंचवटा घासून खाली आणायचा मोह आवरायचा, कारण त्याच्याखाली काच आहे. ती कापली की होडीचे बळच कापले गेले. उंचाला तोडू नये, खोलाला भरावे. नाकातोंडाला मुखपट्टी बांधून आम्ही तासन् तास हे केले. डोळ्यांना जे दिसत नाही ते डोळे मिटून तळहाताला कळते, हा अनुभव साठीनंतर यावा याचे नवल वाटले.

एकदा कंटाळून आम्ही म्हटले, “इतकं कशाला? वर रंगाचे दोन हात चढले, की झाकलं जाईल.” त्यावर ते हसून म्हणाले, “साहेब, रंग तो चाडियो छे.” रंग चुगलखोर आहे! साध्या, मंद रंगाखाली काही दोष खपतात. पण जितकी चकाकी अधिक, तितका खालचा प्रत्येक खळगा तिरप्या उन्हात उघडा पडतो.

पुढच्या आठवड्यात रुपयाच्या नाण्याने ठोकून होडी तपासायची होती. घट्ट जागी नाणे खणखणते; आत थर सुटला असेल तर आवाज बद्द येतो. नाळेजवळ, तळहाताएवढ्या जागेत, तसा बद्द आवाज आला. वरून ती जागा सर्वांत नितळ होती. दादा काठी टेकत आले, त्यांनीही ठोकून ऐकले. “ते मीच भरलं होतं, आणली त्याच साली. भर पावसाळ्यात. गॅरेजच्या लांबीनं.” आम्ही विचारले, वरून एक नवा थर दिला तर? “वरून भरू नकोस. उकर,” ते म्हणाले, आणि तिथेच खुर्ची ओढून बसले.

आम्ही उकरू लागलो. ओलसर, भुसभुशीत चुरा निघत गेला. आणि का कोण जाणे, ७ ऑगस्ट २००६ ची संध्याकाळ समोर उभी राहिली.

त्या दिवशी आम्ही पुरासाठी उघडलेल्या एका नियंत्रण कक्षात कामावर होतो. मुलताईला उगम पावून, आपल्या खानदेशातून भुसावळ, प्रकाशा करत येणारी तापी उकाईच्या धरणात मावेनाशी झाली होती. धरणातून सोडलेले पाणी वाढत वाढत सुमारे नऊ लाख क्युसेकवर गेले. त्यातच ९ तारखेला नारळी पौर्णिमा. समुद्राला उधाणाची भरती. शहरात शिरलेले पाणी हटेना. वाचकांपैकी बहुतेकांनी ते दिवस कुठल्या ना कुठल्या गच्चीवर काढले आहेत. अधिक सांगायला नको.

संध्याकाळी दादांचा दूरध्वनी आला. “तळमजला बुडाला. आईचं इन्शुलिन खाली फ्रीजमध्ये होतं. होडी पाठव.” आम्ही म्हणालो, “नोंद करतो.” आणि नोंद केली, आलेल्या क्रमाने, रीतसर, आमच्या घराला एक घरही पुढे न सरकवता. ही गोष्ट आम्ही पुढे पुष्कळदा सांगितली. प्रत्यक्ष जन्मदात्रीसाठीही ज्यांनी रांग मोडली नाही, असे आमच्या निरोप समारंभात कुणी म्हणाले, तेव्हा आम्ही मान खाली घालून विनयाने हसलो होतो. गोष्टीला चांगली झिलई चढली होती.

तिच्याखाली होते ते असे. आजारी माणसाच्या नावापुढे नोंदवहीत खूण करावी, अशी त्या रात्री आम्हां सर्वांना सूचनाच होती. तशा खुणा आम्ही केल्याही. परक्यांच्या आयांसाठी, आज्यांसाठी. आपल्या घरापुढे मात्र केली नाही. नियम आड येत नव्हता. कुणी काय म्हणेल ही भीती आड येत होती. रात्री दोनला पाळी संपली, नोंदवही पुढच्या सहकाऱ्याच्या हाती दिली, एक शब्दही न बोलता, आणि बाकावर आडवे होऊन आम्ही झोपी गेलो. घरी होडी पोचली ती ९ तारखेच्या दुपारी. आई वाचली, पण तिची प्रकृती पुन्हा सावरली नाही आणि पुढची संक्रांत तिने पाहिली नाही. पुरामुळेच ती गेली असे कुणी डॉक्टर म्हणाले नाहीत. दादाही म्हणाले नाहीत. त्यांनी उन्हाळ्यात होडी आणली.

हातातले उकरणे तसेच धरून आम्ही म्हणालो, “दादा, आईच्या नावापुढे खूण करता येत होती. मी केली नाही.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ठाऊक आहे. गल्लीच्या तोंडाच्या घरातल्या आजींना न्यायला त्याच पहाटे होडी आली होती. आम्ही गच्चीवरून हाका मारल्या, पाण्यात कुणाला ऐकू गेल्या नाहीत. मागाहून त्यांच्या मुलानंच सांगितलं, नावापुढे खूण होती म्हणून.”

“मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू ती गोष्ट फार छान सांगायचास,” दादा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मग काठीने होडीकडे खूण करून म्हणाले, “अजून खाली भुसा आहे. घट्ट लागेपर्यंत जा.”

आम्ही घट्ट लागेपर्यंत गेलो. खड्ड्याच्या कडा बशीसारख्या उतरत्या केल्या. कारण उभ्या कडेचा खड्डा भरला तर नवे जुन्याला धरत नाही, त्याला टेकायला ऐसपैस उतार लागतो. पुरते वाळू दिले. मग काचेच्या चटईचे थर, वर इपॉक्सी, पुन्हा फळी, पुन्हा काळा फवारा, पुन्हा फळी. माघात पांढरा रंग चढला. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या जागी अगदी पुसटसा ओघ अजून अडखळतो. पुन्हा भरू का, असे विचारले तर दादा म्हणाले, “राहू दे. आत घट्ट आहे ना?”

होडी न्यायला डुमसचे ते मच्छीमार आले. त्यांनी कुशीवरून तळहात फिरवत नेला, नाळेजवळ थांबले, बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकून ऐकले, आणि काही न बोलता दोर आवळायला लागले. टेम्पो वळेपर्यंत दादा फाटकाशी उभे होते.

राहता राहिली ती निरोप समारंभातली गोष्ट. ज्यांनी ती आमच्या तोंडून ऐकली, त्यांपैकी काहीजण हे त्रैमासिक नियमाने वाचतात. त्यांनी कृपया ही दुरुस्ती नोंदवून घ्यावी.